गुणाजी मिस्त्रीची चौदा विमानं

मुरुडच्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात गुणाजी सुताराला लोक विमानमिस्त्री म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि पाठीमागं हसायचे. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी विमान आकाशातदेखील पाहिलेलं नव्हतं, पण हसायला काय लागतं? गुणाजीचा धंदा होड्या बांधायचा, आज्यापणज्यापासूनचा. त्याच्या हातची होडी श्रीवर्धनपर्यंत ओळखू यायची. असा माणूस दरवर्षी नारळी पुनवेला होड्या दर्यात गेल्या की लाकूड तासायचा वाकस खाली ठेवायचा, गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसलं तरी हातभर लांबीचं एक विमान करायला घ्यायचा, आणि सर्वपित्री अमावास्येला ते खाडीत सोडून द्यायचा. दुसऱ्या वर्षी पुन्हा नवं. वीस सालापासून तेहेतीस सालापर्यंत अशी चौदा विमानं त्यानं केली. त्याची बायको ठमाबाई म्हणायची, "माज्या सवतीला चार पंख हायेत. दोन वर नि दोन खाली."

हे खूळ लागायला कारण होतं, आणि ते कारण त्याच आळीत तिसऱ्या घरात राहात होतं. सोनाबाई कोळीण. नवरा दर्यानं नेलेला, एकुलता एक मुलगा भागोजी. भागोजी आणि गुणाजी एका वयाचे, एका ताटात जेवलेले. सोळा साली सरकारची लढाई चालली होती आणि मुंबईला सुतारांची भरती होती. गुणाजीनं नाव घातलं, तसा भागोजी म्हणाला, मी पण येतो. भागोजीचं लग्न झालेलं, नलू नावाची मुलगी नुकती रांगायला लागलेली, पण ऐकतो कोण? आगबोटीवर पोचवायला आलेल्या सोनाबाईनं गुणाजीचा हात धरला. "गुण्या, तू शाना हायेस, हा भोळा हाय. संगती घेऊन चाल्लायस, संगती घेऊन ये."

"आनतो, आये," गुणाजी म्हणाला. त्या वयात माणूस काहीही कबूल करतो.

इराकातल्या बसऱ्याला उतरून ते नदीनं पार वर गेले, वाळवंटातल्या एका विमानतळावर. झाड नाही, सावली नाही, उन्हानं तोंडाची कातडी सोलून निघायची. तिथं गुणाजी मोडके पंख दुरुस्त करी. आतला सांगाडा लाकडाचा आणि वर कापड ताणलेलं. होडीच्या फासळ्या जन्मभर बसवलेल्या माणसाचा हात त्यावर लगेच बसला. भागोजीकडं रंगकाम आलं. ताणलेल्या कापडाला एक लुकण फासायचं, त्यानं कापड आवळून घट्ट व्हायचं. त्या लुकणाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास. वर पिवडी म्हणजे पिवळी माती आणि काजळ मिसळून केलेला रंग, तोही पंखांच्या वरच्या अंगालाच. खालचं अंग बिनरंगाचं, सायीसारखं. भागोजीला त्या कामाचा भारी नाद लागला. एका माणसानं उडवायचं एक लढाऊ विमान त्याच्याकडं नेमून दिलं होतं, आणि तो ते आपल्या बापाची होडी असल्यासारखा पुसत बसायचा. तळावरच्या कारकुनाकडून त्यानं आईला कार्ड लिहून घेतलं: 'आये, मी रंगवतो ते विमान तू बघायला पायजे. येताना लाकडाचं करून आनीन, हुबेहूब, रंगासकट.'

कार्ड पोचलं, आणि त्यामागून महिन्याभरात सरकारी कागद पोचला. शाळेच्या मास्तरांनी तो सगळ्या वाड्यासमोर वाचला. विमान सुरू होताना भागोजीनं इशारा मिळायच्या आधी दोरी ओढली, आणि स्वतःच्या हलगर्जीपणामुळं तो पंख्यात सापडून मेला. सोनाबाई म्हणाली, "परत वाचा." मास्तरांनी परत वाचलं. ती म्हणाली, "पाचव्या वर्सापासून माजा पोर बापाच्या होडीवर दोरीला हुता. हाक आल्याबिगर त्यानं कंदी दोरी ओढली न्हाय." मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

देह तिकडंच मातीत गेला होता. म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला लावला, आणि भागोजीचा चुलतभाऊ विठोबा यानं त्याला अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवला. पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याचं काहीतरी मागं राहिलं, हे आपल्याकडं लहान पोरालाही सांगावं लागत नाही. सगळे हात जोडून एकेक कबूल करू लागले. नलूला सांभाळू. आईला उपाशी ठेवणार नाही. होडी विकणार नाही. कावळे माडावर बसून नुसते बघत राहिले. ऊन कललं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले. पुढच्याच वर्षी तापाच्या साथीत सून गेली. सोनाबाईपाशी एवढीशी नात उरली आणि हा एक घोर उरला. माझा पोर मधेच कुठंतरी लटकलाय, त्याला पुढं जाता येत नाही. उठता बसता तिच्या जिवाला तेवढंच.

एकोणीस साली गुणाजी एकटा परतला. सोनाबाई धक्क्यावर उभी होती. तिनं त्याला बोल लावला नाही. तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "त्यानं मरताना काय मागितलं?"

"कायच न्हाय, आये. येळच झाला न्हाय."

तिनं कनवटीचं कार्ड काढलं. "मग ह्ये राह्यलं आसंल. तू ते विमान बघितलंस. तू कर. हुबेहूब कर, गुण्या, न्हायतर तो शिवायचा न्हाय."

पहिलं विमान गुणाजीनं सागाचं केलं. जड झालं, बोजड झालं. पंखांवरची सरकारी निशाणीची तिरंगी वर्तुळं त्यानं काढली ती उलटी, तांबडं बाहेर आणि निळं आत. अमावास्येला खाडीच्या खडकावर विठोबानं पान वाढून ठेवलं, शेजारी विमान ठेवलं. शेजारच्यांच्या पानांवर कावळे तुटून पडले, ह्या पानाकडं एक फिरकला नाही. घरी आल्यावर गुणाजीच्या ध्यानात आलं की वर्तुळ चुकलं, निळं बाहेर पाहिजे. त्याला एका अर्थी बरंच वाटलं. म्हणजे चूक सापडली.

पुढची बारा वर्षं तो चुका शोधत राहिला. साग सोडून पांगारा घेतला, हलका म्हणून. पंखांच्या फासळ्या बांबूच्या कामट्यांच्या केल्या, वर मलमल ताणून तांदळाच्या पेजेनं आवळली. वरच्या पंखावरच्या बंदुकीला तव्यावर तवा ठेवल्यासारखी गोळ्यांची चपटी डबी असायची, ती त्यानं नारळाच्या करवंटीतून कोरली. नाकातल्या गोल यंत्राला नऊ नळकांडी होती. एका वर्षी आठच केली आणि अमावास्येच्या सकाळी मोजल्यावर कपाळ बडवून घेतलं. यंत्र एरंडेलावर चालायचं आणि पोटाखाली त्याचे ओघळ यायचे, म्हणून तो खऱ्या एरंडेलाचे ओघळ सोडायचा. ठमाबाई म्हणायची, "पोरास्नी द्यायला घरात एरंडेल न्हाय आनि विमानाला पाजताय."

सगळ्यात वैताग रंगाचा. पिवडी किती आणि काजळ किती? काजळ जास्त झालं की रंग हिरव्याकडं झुकायचा, पिवडी जास्त झाली की शेणाकडं. आणि तो रंग उन्हात बदलायचा. नवा असताना हिरवट, महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी. गुणाजी फळकुटांना निरनिराळे हात मारून कौलांवर वाळत घालायचा आणि रोज शिडी लावून बघायचा. शेजारी विचारायचे, काय मिस्त्री, पापड घातलेत का? तो पुढचं फळकूट उचलायचा. भागोजी मेला त्याच आठवड्यात त्यानं विमानाला नवा हात दिला होता. म्हणजे रंग हिरवट हवा, पण किती हिरवट? डोळे मिटले की रंग दिसायचा आणि उघडले की जायचा.

रंगाबरोबर आणखीही काही यायचं. भर दुपारी, माणसं जेवून लवंडलेली असताना, होडीच्या सांगाड्यात एकटा बसलेल्या गुणाजीला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. आसपास केळीचं पानसुद्धा नसायचं. माडाच्या झावळ्या वाऱ्यानं एका लयीत फडफडायला लागायच्या, पंखा फिरायला लागल्यासारख्या. आणि पाठीमागून भागोजीचा आवाज यायचा, अगदी रोजचा, "गुण्या, ओढू का?" गुणाजी वळून बघायचा नाही. हातातली पटाशी तशीच धरून बसायचा, वास जाईपर्यंत. त्याच्या घरात केळं येत नव्हतं. सत्यनारायणाच्या प्रसादातलंही तो खायचा नाही.

सत्तावीस सालचं विमान तर परत आलं. अमावास्येला ओहोटीबरोबर सोडलेलं, खाडीच्या तोंडापर्यंत जाताना सगळ्यांनी बघितलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी कामाला गेला तर ते त्याच्याच होडीच्या खाली, दोन ओंडक्यांच्या मधे, चाकांवर उभं. रंग धुऊन गेलेला, पंख धड. भरतीनं आणलं असेल, नाही कोण म्हणतं? पण गुणाजी त्या दिवशी काम टाकून घरी आला. ठमाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्यानं काय होणार होतं? त्याला झालं होतं काय, ते त्याचं त्याला पुरतं ठाऊक होतं.

ते असं. विमान सुरू करताना पुढं पळू नये म्हणून दोन्ही चाकांपुढं लाकडी ठोकळे लावत. प्रत्येक ठोकळ्याला दोरी, आणि दोरी धरून एकेक माणूस बाजूला उभा. यंत्र नीट चालू लागलं आणि विमान उडवणाऱ्या साहेबानं हात हलवला की दोघांनी दोऱ्या ओढायच्या, ठोकळे निघायचे, विमान सुटायचं. भागोजीच्या बाजूचा, डावीकडचा ठोकळा गुणाजीनं नवा केला होता. दोन तुकडे आणि सांध्यात खुंटी. तिथले गोरे मिस्त्री सरस आणि स्क्रू वापरायचे. गुणाजीला बापाची शिकवण वेगळी: खुंटी कोरडी ठोकावी, जरा सैल वाटली तरी फिकीर नाही, पाणी प्याली की फुगते आणि लोखंडाला ऐकत नाही. जन्मभर त्यानं पाण्यात जाणारंच लाकूड घडवलं होतं. वाळवंटात पाणी कुठून यायचं? तीन आठवड्यांच्या उन्हात खुंटी आणखी सुकली. त्या सकाळी यंत्र सुरू झालं, विमानानं जोर केला आणि ठोकळा सांध्यात उकलला. एक चाक मोकळं झालं, दुसरं अडकलेलं राहिलं, विमान जागच्या जागी गर्रकन फिरलं. भागोजी दोरी धरून जिथं उभं राहायला सांगितलं होतं तिथंच उभा होता.

सगळे धावले. दोरी भागोजीच्या मुठीत होती आणि दोरीच्या टोकाला ठोकळ्याचा अर्धा तुकडा. साहेबाला जे वाटायचं ते वाटलं. दुभाष्यानं गुणाजीला विचारलं, ह्यानं इशाऱ्याच्या आधी ओढली काय? वाळूत गुणाजीच्या पायापाशी खुंटी पडली होती. त्यानं ती पायाखाली घेतली आणि म्हणाला, "मी बघितलं न्हाय."

ठोकळ्याचे तुकडे त्यानं संध्याकाळी चुलीत सारले. खुंटी जाळायला मात्र हात धजला नाही. ती त्याच्या पेटीत पटाशांच्या खाली चिंधीत गुंडाळून होती. विमानं तो एकाहून एक करत गेला, तारा मोजून, नळकांडी मोजून, पण चाकांपुढं ठोकळे त्यानं कधी ठेवले नाहीत. ठोकळे काही विमानाचा भाग नव्हेत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेला माणूस दुसरं काय करणार?

बत्तीस साली भिकू म्हणून विठोबाचा मेहुणा मुंबईहून आला होता. गोदीत कामाला, जरा शिष्टच. खडकावर मांडलेलं विमान बघून तो म्हणाला, "मिस्त्री, शेपटाचे पट्टे उलटे मारलेत. मी जुहूला बघितलीत विमानं. तांबडा पट्टा पुढं असतो, निळा मागं."

"आता आसंल," गुणाजी म्हणाला. "लढाईत निळा पुढं हुता. निळा, मग पांढरा, मग तांबडा."

"अहो, पण मी डोळ्यांनी..."

"तू आजचं सांगतोस. मी सतरा सालचं सांगतोय." गुणाजीचा आवाज चढला. सगळे गालात हसले. तेव्हा मागं बसलेली सोनाबाई म्हणाली, "भिकू, गप ऱ्हा. गुण्या सांगतो ते खरं. त्यानं बघितलंय सगळं." गुणाजीनं मान खाली घातली ती पान उचलेपर्यंत वर केली नाही. त्याही वर्षी कावळा आला नाही.

तेहेतीस साल उजाडलं तोवर सोनाबाईच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. नलू लग्न होऊन दोन घरं सोडून राहात होती, आजीला ती आयेच म्हणायची, तिचं दळणकांडणही तीच बघायची. पाणी मात्र गुणाजी भरायचा, चौदा वर्षं, रोज. सोनाबाई त्याच्यासाठी भाकरीबरोबर सुकटीची चटणी झाकून ठेवायची आणि तो जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. वाड्यात म्हणायचे, एक पोर दर्यापार गेला, पण देवानं दुसरा दिला. हे कानावर आलं की गुणाजी अर्ध्या भाकरीवर हात धुवायचा.

अमावास्येच्या आदल्या दुपारी त्यानं नवं विमान तिच्या पडवीत नेऊन मांडीवर ठेवलं. दरवर्षीचा रिवाज होता. ती बोटं फिरवायची, हळूहळू, जाळ्यातलं भोक शोधावं तशी. वरचा पंख, खालचा पंख, मधल्या तारा, बंदुकीची डबी, शेपूट. त्याला वाटायचं, आय कौतुक करते. ह्या वर्षी तिची बोटं चाकांपाशी आली आणि थांबली.

"गुण्या, दोरी कुठं हाय?"

"कसली दोरी, आये?"

"कागदात लिवलीवती ती. माज्या पोरानं आधी ओढली म्हंतात ती. तू चवदा वर्सं विमान आनतोस आनि चवदा वर्सं मी दोरी शोधते. तारा घावतात, दोरी घावत न्हाय. मी म्हनायची, लई बारीक आसंल, माज्या डोळ्यास्नी दिसत नसंल, बोटास्नी लागत नसंल."

ती पुढं म्हणाली, "पावसाळ्यात होडी वर घेतली की आपन खाली वंडके लावतो, न्हायतर ती घसरून जाते. ह्याला तर चाकं हायेत. ह्ये एका जागी हुभं कसं ऱ्हातं रं?"

केळ्यांचा वास आला. पडवीत, तिच्यादेखत, ह्याआधी कधी आला नव्हता. गुणाजीनं विमान तिच्या मांडीवरून उचललं. "ऱ्हायलंय थोडं," तो म्हणाला. "उद्या सकाळी आनतो."

दिवेलागणीपर्यंत बसून त्यानं दोन ठोकळे केले, अंगठ्याएवढे. एक अखंड लाकडाचा. दुसरा दोन तुकड्यांचा, सांध्यात काडीएवढी खुंटी, कोरडी. सुतळीचा पदर सोडवून दोऱ्या वळल्या. ठमाबाईनं विचारलं, आज काय नवीन? तो म्हणाला, "जुनंच हाय." मग त्यानं पेटीतली चिंधी काढली.

सकाळी नलू पान वाढत होती. गुणाजी सोनाबाईसमोर खाली बसला, तिचा हात उघडला आणि त्यात ती खुंटी ठेवली. सगळं सांगितलं. ठोकळा, सांधा, ऊन, पायाखाली घेतलेली खुंटी, दुभाष्याला दिलेलं उत्तर. आडपडदा ठेवला नाही आणि माफीही मागितली नाही, मागायला तोंडच नव्हतं. नलूच्या हातातली पळी तशीच राहिली.

सोनाबाईनं खुंटी बोटांत फिरवली. "सागाची?"

"व्हय."

"कोरडी ठोकलीस."

"व्हय, आये."

"आनि म्हनालास, बघितलं न्हाय."

"व्हय."

मग तिनं खुंटी कनवटीला लावली आणि काठी चाचपली. "चला. पान निवतंय."

खडकावर विठोबानं पान ठेवलं. गुणाजीनं विमान ठेवलं, चाकांपुढं ठोकळे लावले, दोऱ्या बाजूला नीट पसरल्या. विठोबा नेहमीचं कबूल करायला लागला तशी सोनाबाई म्हणाली, "तू थांब. गुण्या सांगंल." अख्खा वाडा उभा होता. गुणाजीनं हात जोडले. "भागोजी, दोरी तू ओढली न्हाईस. तू हाकंची वाट बघत हुभा हुतास. खुंटी माजी हुती, ती सुटली. मी ती पायाखाली घेतली आनि खोटं बोललो."

वाड्यात कुजबुज झाली, कोणी तरी शिवी हासडली. तेवढ्यात माडावरून एक कावळा उतरला. वड्यांकडं त्यानं बघितलं नाही, खिरीकडं बघितलं नाही. टुणटुण उड्या मारत विमानापाशी आला आणि डाव्या ठोकळ्याची दोरी चोचीत धरून मान वाकडी करून थांबला. गुणाजीच्या पाठीमागं आवाज आला, अगदी कानाशी. गुण्या, ओढू का?

"ओढ," गुणाजी मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं.

कावळ्यानं हिसका दिला. ठोकळा सांध्यात उकलला, विमान खडकाच्या उतारावर वीतभर गेलं आणि थांबलं. कावळा दोरी घेऊन उडाला आणि खाडीपलीकडं दिसेनासा झाला.

"आला का?" सोनाबाईनं विचारलं.

"आला, आये."

"कशाला शिवला?"

"दोरीला."

विठोबा कुरकुरला की पानाला शिवला नाही, हे धरायचं की नाही, भटजींना विचारायला पाहिजे. सोनाबाई म्हणाली, "पोर माजा हाय, विठोबा. मला कळलं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं आणि तिनं ते पुसलं नाही. सोळा वर्षांनी तिचा पोर तिला परत मिळाला होता, धड, हाकेची वाट बघणारा, कुणाच्या हलगर्जीपणाचा नव्हे. मग तिनं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. "गुण्या, आता माज्या दारात येऊ नकोस."

तो पुन्हा तिच्या दारात गेला नाही. पाणी नलू भरू लागली. गुणाजी कामाला जाताना आळीतून न जाता किनाऱ्यानं वळसा घालून जायचा. दोघा गिऱ्हाइकांनी होड्यांचं सांगितलेलं काम काढून घेतलं, त्यानं तक्रार केली नाही. दुपारचा वास गेला, आवाज गेला. बाजारात केळ्यांचा घड दिसला तर तो नुसता केळ्यांचा घड असायचा. भुतानं सोडलं आणि आईनंही सोडलं, आणि दोन्हींतलं जड कोणतं ते तो कुणाला सांगत नव्हता. जेवायला बसला की त्याची नजर ताटाच्या कडेला जायची, तिथं सुकटीची चटणी नसायची.

माघात सोनाबाई गेली. खांदा द्यायला गुणाजी पुढं झाला नाही, लांबून चालला. दहाव्याला वाळूत पिंड ठेवला तेव्हा तो मागं माडाखाली उभा होता. कावळा येईना. विठोबानं कबूल केलं, नलूला माहेरचं करीन. कावळे माडावर. कबूल केलं, भागोजीचं पान चुकवणार नाही. कावळे माडावर. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाकडं बघायला लागले.

तेव्हा नलू बोलली. कुणालाच उद्देशून नाही, आठवल्यासारखी. "आयेच्या उशाशी तांब्या हुता. त्यात ती खुंटी ठेवायची. रोज सकाळी पानी बदलायची, काढून अंगठ्यानं दाबून बघायची आनि परत ठेवायची. मी इचारलं, काय करतेस? म्हनाली, फुगते का बगते."

"मग?" विठोबानं विचारलं.

"चांगली फुगली हुती. आयेला पन कळलं हुतं. मी म्हनलं, मग टाकून दे. म्हनाली, न्हाय, गुण्याच्या हातची हाय."

माडाखाली गुणाजीनं झाडाला हात लावला. नलू वळली. "मामा, पुढं या."

तो आला. पाय ओढत आला, पिंडापासून चार हातांवर थांबला. नलूनं हात जोडले. "आये, गुणामामा माज्या दारात येतील. जेवल्याबिगर मी जाऊ द्यायची न्हाय."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर उतरला. गुणाजी वाळूत खाली बसला आणि मोठ्यानं रडला, चाळिशी उलटलेला माणूस, सगळ्यांच्यादेखत. कोणी त्याला उठवलं नाही. माणसं आंघोळ करून घरी गेली. नलूनं घरी जाऊन पान वाढलं, कडेला सुकटीची चटणी घातली आणि दारातून हाक मारली, तेव्हा तो उठला.